पुतळाला कोण उचलणार?

एकोणीसशे सत्तावन्न साली आमच्या न्हावा गावाला पक्का धक्का नव्हता. ओहोटीला मुंबईचा मचवा लांब चिखलातच थांबायचा आणि उतारूंना खांद्यावर बसवून काठावर आणायचं काम पाच गडी करायचे. त्यांतला एक माझा नवरा, धर्मराज. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. आदल्या वर्षी दोघांनी बाप्तिस्मा घेतला होता. मी घेतला तो रविवारपुरता, यांनी घेतला तो आठवडाभराचा, हे मला उशिरा कळलं.

उतारू खांद्यावर बसला की हे पुटपुटायचे, "प्रभू, तुजं मानूस हाय, सांभालून नेतो." एकदा दारू प्यायलेला खोत यांच्या डोक्यावर थापा मारत आला. मी विचारलं, "अवं, ह्यो पन प्रभूचाच?" म्हणाले, "त्याला तं जास्त सांभालायला लागतं." अशा माणसाशी भांडणार तरी काय!

त्या दुपारी मी यांची भाकरी घेऊन काठावर आले होते. मचवा रिकामा झाला, तरी एक बाई फळीवर बसून राहिली. ती पुतळा, यांच्याच बरोबरच्या शिवाची बहीण. तीन वर्षांपूर्वी महारोग झाला म्हणून गावानं तिला मिशनच्या दवाखान्यात धाडलं होतं. आता ती बरी होऊन आली होती. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी नव्हती. डॉक्टरची चिठ्ठी उंच धरून ती दाखवत होती, पण कुणी पुढे गेलं नाही. शिवा पाठ फिरवून उभा.

मचव्याचा तांडेल ओरडला, "भरती लागली. कोन नेतंय का हिला? नायतर मी परत मुंबईला नेतो."

हे निघाले.

गड्यांचा मुकादम गोवर्धन म्हणाला, "धर्मराज, हिला उचललंस तं उद्यापासून तुज्या खांद्यावर कोन बसनार?"

मीही ओरडले, "अवं, फिरा मागं! आपन खायाचं काय?" आता लाज वाटते, पण ओरडले हे खरं.

यांनी ऐकलं नाही. पुतळाला खांद्यावर घेतलं, घाईत नेहमीची वाट सोडली आणि निम्म्यावर मांडीपर्यंत रुतले. पाय काढायला जावं तर आणखी खाली. पाणी चढायला लागलं. काठावर चार धडधाकट गडी, पण एकाचाही पाय हलेना.

मला असा संताप आला! गड्यांचा आला, यांचा आला आणि प्रभूचाही आला. एवढ्या मोठ्या गावात त्याला आमचंच घर सापडलं? रागारागात लुगडं खोचलं आणि चिखलात उतरले. जवळ गेले तेव्हा पुतळानं हात पुढे केला. तोच हात, बोटं गेलेला. मी क्षणभर थबकले. मग धरला. गरम होता.

"ये," मी म्हटलं, "गला घट्ट धर." तिला पाठीवर घेतलं आणि माझ्याही तोंडून निघून गेलं, "प्रभू, तुजं मानूस हाय." वर्षभर रविवारी गुडघे टेकले, पण असं भरून आलं नव्हतं.

दहा पावलं गेले असेन, तर मीही रुतले. तेवढ्यात समोरून चिखल उडवत शिवा आला. ढसाढसा रडत होता.

"वयनी, द्या तिला. माजी बहिन हाय ती."

त्यानं तिला खांद्यावर घेतलं, काठ गाठला. भार उतरला तसे माझेही पाय सुटले आणि मी मागोमाग काठावर आले. गोवर्धन म्हणाला, "ठेव आता खाली."

"नाय," शिवा म्हणाला. "घरात नेऊनच ठेवनार." आणि गावाच्या मधल्या आळीनं, सगळ्यांच्या दारांवरून तिला घेऊन गेला.

मी कौतुकानं बघतच राहिले. मागून हाक आली, "जमुने, मना पन काढा कोनीतरी!"

पाणी यांच्या छातीशी आलं होतं. आता मात्र गोवर्धन आणि उरलेले दोघे धावले. तिघांनी ओढून काढलं. पाय बधिर झालेले, म्हणून गोवर्धननं यांना खांद्यावर घेतलं. जन्मभर लोकांना वाहणारा माझा नवरा पहिल्यांदाच कुणाच्या खांद्यावर बसला होता आणि लहान पोरासारखा हसत होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मचवा आला, त्याच्याआधी बातमी मुंबईला पोचलेली. कुणी उतरेना. पांढऱ्याशुभ्र धोतरातल्या एका शेठनं विचारलं, "त्या बाईला उचललं कुणी?"

गोवर्धन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "धर्मराजनं. मग शिवानं. धर्मराजला या दोघांनी वढला आनि मी उचलला. आता पाची जनांचे खांदे सारखेच, शेठ. बसायचं तं बसा, नायतर चिखल हाय."

शेठनं चिखलाकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं सगळ्यांत जवळच्या खांद्यावर बसला. खांदा यांचाच होता. मी काठावरून इतक्या जोरात "हालेलुया!" म्हणाले की शेठ पडता पडता वाचला.