वटवाघूळ आणि गॉब्लिन शार्क

इंद्रभानच्या पेरूच्या बागेलगत जुना पिंपळ आहे. त्यावर दिवसभर वटवाघळं लटकतात आणि अंधार पडला की पेरूंवर उतरतात. वैतागून त्यानं त्यांना हुसकायला सुतळी बॉम्ब आणले. मी धनजच्या शाळेत विज्ञान शिकवतो. "थांब, मी गावाला समजावतो," असं मीच म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

वटवाघळं बिया पसरवतात, झाडं वाढवतात, एवढं सांगून खाली बसलो असतो तर भागलं असतं. पण तेवढ्यानं माझी विद्वत्ता कशी दिसणार? मी पारावर दोन चित्रं टांगली. एक वटवाघूळ, दुसरा खोल समुद्रातला गॉब्लिन शार्क. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण बोललो असा की जणू तिथंच लहानाचा मोठा झालो.

"दोघंही अंधारातले. दोघांनाही लोक भूत समजतात. वटवाघूळ डोळ्यांनी, वासानं फळ शोधतं. शार्कला लांब नाकानं सावजाच्या अंगातली वीज कळते, मग तो जबडाच तोंडाबाहेर फेकतो!"

इंद्रभानची बायको मनकर्णाबाई ताडकन उठली. "जबडा फेकते? लेकरायच्या अंगावर बी?"

"शार्क फेकतो, वहिनी. वटवाघूळ नाही."

"मंग दोघं सारखे हायेत म्हनून कायले सांगून राह्यले?"

यावर मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामरगावच्या जीपमध्ये एक अनोळखी माणूस मलाच सांगू लागला, धनजच्या वटवाघळायचा जबडा गोफणीसारखा सुटते, मोठ्या सायंटिस्टनं सांगतलं. सायंटिस्ट! क्षणभर छाती फुगली. मग आठवलं, असं मी बोललोच नव्हतो.

परत येऊन थेट बाग गाठली. इंद्रभान झाडांवर जाळी बांधत होता. जबड्याच्या भीतीनं बॉम्ब त्यानं परत केले होते.

"अरे, ते अंगावर येत नाहीत. फक्त फळं खातात."

"मले भेव वाटू नाही म्हनून गोड बोलून राह्यले तुमी," तो म्हणाला. "तुमी होते म्हनून वाचलो, मास्तर." आणि पिशवीभर पेरू दिले. मी बराच वेळ समजावत राहिलो. तो गाठी आणखी घट्ट मारत राहिला.

घरी सुकेशनीनं, माझ्या बायकोनं, पेरू चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. "वटवाघळं वाचले ना? मंग चूप बसा."

संध्याकाळी सरपंच दुर्गाबाई आल्या. सापांवर भाषण हवं होतं.

"सर बाहेरगावी गेले," सुकेशनीनं दारातूनच सांगितलं.

मी दाराआड श्वास रोखून उभा होतो.