फाटक्या भात्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवतात ती नव्हे, सूर वाजवतात ती. आज तुमच्याशी बोलते, कारण या कोठीत पालीशिवाय ऐकणारे कुणी नाही.

वर्तकनगरच्या एका कारागिराने माझे सागवानी अंग घडवले. विनिताताईंच्या घरी मी तीस वर्षे वाजले. मग माझा भाता एका कोपऱ्यात फाटला आणि घरात नवी पेटी आली. वर्षभर मी पलंगाखाली पडून होते.

एक दिवस ताई मला तुरुंगात घेऊन गेल्या. नशेच्या गोळ्यांची सवय लागलेल्या कैद्यांसाठी त्या दर मंगळवारी गाण्याचा वर्ग घेत. गाण्याआधी आणि गाण्यानंतर प्रत्येकाची नाडी मोजून वहीत लिहीत. माझी फट त्यांनी मुद्दाम बुजवली नाही. तिच्यामुळे पट्ट्या न दाबताही माझ्यातून हवा सावकाश जाई. चार अंक मोजत भाता दाबायचा, चार अंक मोजत सोडायचा आणि त्याबरोबर आपलाही श्वास.

पूर्वी कोलशेतच्या खाडीत मासे धरणारा दामाजी वर्गात येई, पण गात नसे. त्याचे हात थरथरत. ताईंनी त्याला माझा भाता दिला.

"हवा भर रे दामाजी, टायर पंक्चर आहे," शेजारचा सर्वेश म्हणे.

दामाजी हसत नसे, पण तास संपेपर्यंत त्याचा हात स्थिर होई. इतक्या गरजेने मला पूर्वी कुणी धरले नव्हते.

एका मंगळवारी माझी एक पट्टी दबेना. शिपाई शिवराम यांनी झाकण काढले. पट्टीखाली एक गोळी अडकली होती.

"कुणाची ते सांगा. नाहीतर वर्ग बंद."

"माजी हाय," दामाजी म्हणाला. "एकानं दिलेली. खायची नव्हती. टाकवत पण नव्हती."

ताईंनी गोळी उजेडात धरली. "अख्खी आहे. यानं घेतलेली नाही, एवढं तरी लिहा."

लिहिले की नाही, मला ठाऊक नाही. दामाजीला वर्गातून काढले आणि मला तुरुंगाच्या या अडगळीच्या कोठीत ठेवले. ताईंनी घरची नवी पेटी आणली. मंगळवारी तिचे सूर भिंतीपलीकडून येत. माझ्या भात्याचे कातडे सुकत चालले होते. दामाजीचा हात आता कशाला धरत असेल, एवढाच विचार मी करत असे.

तीन महिन्यांनी कोठी झाडायला त्यालाच पाठवले. शिवराम दारात उभे होते. केरसुणी ठेवून तो माझ्यापाशी बसला. हात पुन्हा थरथरत होता आणि मूठ घट्ट मिटलेली. आता तो माझे झाकण उघडणार, असे मला वाटले.

त्याने मूठ शिवरामांपुढे उघडली. "सायेब, ही घ्या. कुनी दिली ते इचारू नका."

शिवरामांनी गोळी घेऊन उजेडात धरली. "विचारावं तर लागेलच," ते म्हणाले. "पाच मिनिटांनी विचारतो. तोवर भाता मार. वाजवू नकोस."

त्याने एकही पट्टी दाबली नाही. चार अंक दाबला, चार अंक सोडला. माझ्या फटीतून हवा जात राहिली आणि त्याचा हात हळूहळू शांत झाला.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी पेटी असेल तर अधूनमधून तिचा भाता हलवा. न हलवलेले कातडे तडकते. आणि कुणी लपवलेले काही सापडलेच, तर रागावण्याआधी ते अख्खे आहे का, तेवढे पाहा.