पुरवून खाल्लेली गाठी

डावीकडच्याच का? हा प्रश्न काही माझा पिच्छा सोडेना.

रेणूच्या तोंडात डावीकडच्या वरच्या-खालच्या दाढा काळ्या पडल्या होत्या आणि उजवीकडच्या जवळजवळ धड होत्या. गोड खाऊन दात किडतात हे लातुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण गोड काय डावं-उजवं बघून खातात का?

रेणू सात वर्षांची. किल्लारीला आजीजवळ राहून तिथल्याच शाळेत जाते. बाप पुण्याला कंपनीत, आई शिल्पा लातुरात नर्स. तिच्या पाळ्या सतत बदलणाऱ्या, म्हणून लेकीला तिनं आपल्या आईच्या, बसम्माच्या, हवाली केलेलं. त्या दिवशी तिघी माझ्या दवाखान्यात आल्या, त्या भांडत भांडतच.

"डॉक्टर, सरळ सांगा," शिल्पा म्हणाली, "गोडानंच झालंय ना हे? तसं असेल तर जूनपासून हिला मी इकडंच आणते. इथल्याच शाळेत घालते."

बसम्मा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्या लई देत न्हाई वो डॉक्टरीनबाई. दिसाला एक. पाडव्याच्या माळेतली एक गाठ, बस."

"अव्वा, खोटं बोलू नको. एका गाठीनं एवढ्या दाढा किडतात व्हय?"

"बसवण्णाची शपथ, एकच."

खरं तर "हो, गोडानंच" एवढं म्हणून मी मोकळी झाले असते. बाहेर पेशंट ताटकळले होते. पण त्या बाईचा चेहरा खोटं बोलणाऱ्या बाईचा नव्हता, आणि पुराव्याशिवाय घरातल्या म्हातारीवर खापर फोडण्याची आपल्याकडची खोड मला मुळीच आवडत नाही. शिवाय शेजाऱ्यांकडून पाडव्याला आलेली साखरेची अख्खी माळ मी स्वतः जेवणावर उडवली होती. माझे दात ठणठणीत. मग मी कुठल्या तोंडानं साखरेला शिव्या घालणार?

"दुधाचेच दात हायेत की," बसम्मा हळूच म्हणाल्या. "पडतीलच."

"सगळे नाहीत, आजी. ही शेवटची दाढ बघा. ही सहाव्या-सातव्या वर्षी येते ती जन्माची सोबतीण. हिच्यावर आत्ता नुसता डाग आहे. ती गेली तर दुसरी येणार नाही."

बसम्मांनी तोंडाला पदर लावला. शिल्पानं माझ्याकडं 'बघा, मी काय म्हणत होते' अशा नजरेनं पाहिलं. मला दोघींचाही राग आला आणि दोघींची कीवही आली.

मी शोधाला लागले. पहिली शंका ब्रशावर. रेणूला बेसिनपाशी उभं करून दात घासायला लावले. पोरगी दोन्ही बाजू इमानदारीनं घासत होती. बसम्मा रोज रात्री शेजारी उभ्या राहून घासून घेतात म्हणे. दुसरी शंका चावण्यावर. बिस्कीट दिलं, तर ती उजवीकडून चावायला लागली, कारण डावीकडं दुखतं. म्हणजे इथंही काही हाती लागलं नाही.

"रेणू, गाठी कशी खातेस गं?"

"अशीच."

"अशीच म्हणजे?"

तिनं खांदे उडवले. मी बसम्मांकडं वळले. "आजी, पुढच्या खेपेला ती माळ घेऊन या बरं."

बसम्मांनी गुपचूप पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली माळ बाहेर काढली. पांढऱ्या, गुलाबी गाठी, अर्ध्याहून जास्त शिल्लक.

"अव्वा! दाताच्या दवाखान्यात गाठी?" शिल्पा किंचाळलीच.

"लेकरू भिऊन रडलं असतं तर?"

मला हसू आवरेना. एक गुलाबी गाठ तोडून मी रेणूच्या हातावर ठेवली. "घरी खातेस तशीच खा. कुणी काही बोलणार नाही." आणि शिल्पाला डोळ्यांनीच दटावलं.

रेणूनं गाठ तोंडात टाकली आणि ती जाऊन बाकावर बसली. मी पुढचा पेशंट घेतला. एका गुरुजींची दाढ काढायची होती. दाढेनं चांगलाच घाम काढला. ते गालात कापूस धरून बाहेर गेले तेव्हा मी डोकावले. रेणूचा डावा गाल अजून फुगलेलाच. ती चावत नव्हती, चघळतही नव्हती. गाठ नुसती गालात धरून खिडकीतनं रिक्षा बघत होती. मी आणखी एक पेशंट केला. गाल तसाच. नंतर तिनं गाठ तोंडातून काढली, फ्रॉकला पुसली, निरखून बघितली आणि रुमालात बांधून ठेवली.

मी तिच्यापाशी गेले. "ही कशाला ठेवलीस?"

"रातीला."

"रात्री तर दात घासतेस ना?"

"हाव. घासून झालं की मग तोंडात ठिवून झोपते. सकाळपस्तोर पुरती."

शिल्पानं कपाळावर हात मारून घेतला. बसम्मांचा चेहरा मात्र अभिमानानं फुलला होता. "लई गुणाचं लेकरू हाय. येका गाठीवर दिवस काढती. संक्रांतीच्या रेवड्या तिनं होळीपस्तोर पुरविल्या. बाकीची पोरं बकाबका खाऊन मोकळी व्हतात. म्याच शिकविलं तिला, पुरवून पुरवून खावं म्हनून."

आता मला सगळं दिसलं. या घरात कुणी खोटं बोललं नव्हतं आणि कुणी चोरून खाल्लंही नव्हतं. पोरगी सांगितल्या शब्दाला जागत होती आणि तिच्या दाढा त्या शहाणपणाची किंमत मोजत होत्या.

मी स्टूल ओढून बसम्मांसमोर बसले. "आजी, तोंडात गोड आलं की दातावरचे जंतू जेवायला बसतात. खाणं संपलं की तोंडातली लाळ दात धुते, सावरते. पण गोड दिवसभर गालातच राहिलं तर जंतूंची पंगत उठतच नाही. रात्री तर लाळही कमी सुटते. एक गाठ दिवसभर पुरवण्यापेक्षा दोन-तीन गाठी एकदम, जेवणावर खाऊ द्या. वरून खळखळून चूळ. आणि रात्री ब्रश झाला की तोंडात फक्त पाणी."

"येकदम?" बसम्मांना ते पटेना. "संपून जातील की!"

"संपू द्या. सण संपतोच की."

त्या मांडीवरच्या माळेतल्या गाठी एकेक करून चाचपायला लागल्या. जन्मभर जे चांगलं म्हणून शिकवलं तेच नडलं, हे पचवणं सोपं नसतं. मी दाढेत भरायच्या सिमेंटची तयारी करायला लागले. शिल्पानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा आवाज खाली आला होता.

"अव्वा, चुकलं माझं. मला वाटलं तू लाडानं खाऊ घालतेस. पण दाढांसाठी आता सारखं यावं लागणार, त्यामुळं शाळा इथंच बरी. मी किल्लारीला आणत जाईन ना तिला. महिन्यातून एखादा रविवार, सणाला एक दिवस. अशी थोडी थोडी भेटत राहील तुला."

बसम्मांनी माळेचा दोरा सोडला. चार गाठी काढून रेणूच्या ओंजळीत घातल्या, जेवणावर खा म्हणून, आणि मग लेकीकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता.

"थोडी थोडी नगं, शिल्पा. आत्ताच आईकलं न्हाईस, डॉक्टरीनबाई काय म्हनल्या ते? शाळंला ठिव तू. पर सुट्टी लागली की पुरी सुट्टी मला दे. येकदम."

शिल्पानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "औषध बरोबर आहे."