नमुना घरातला आखूड पलंग

मित्रांनो, आता मध्ये कोणी बोलू नका, नुसतं ऐका. आणि दाराकडे कोणीतरी एकजण लक्ष ठेवा, कारण माझा आता भिंतीवरही विश्वास राहिलेला नाही. का ते कळेलच.

मी एक पलंग आहे. जुना-बिना मुळीच नाही, चांगला नवाकोरा. पण माझ्यावर आजवर कोणी झोपलंच नाही! एक आत्या सोडली तर.

मी राहतो नमुना घरात. म्हणजे बिल्डिंग अजून अर्धीच झालेली असते, वरचे मजले नुसते सळया काढून उभे असतात, पण पहिल्या मजल्यावर एक घर आधीच सजवून ठेवतात. गिऱ्हाइकाला दाखवायला. आमच्या घरातली फळं प्लास्टिकची, कपाटातली पुस्तकं आतून पोकळ, टीव्ही पुठ्ठ्याचा, आणि नळ फिरवला तर हवासुद्धा येत नाही. खोल्यांना दारं नाहीत, कारण दार उघडलं की जागा खातं. अशा घरात जन्मलेला माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? मी तर पलंग.

मला बनवताना सुताराने माप वाचलं आणि पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, "साहेब, काहीतरी चुकलंय. हा हातभर आखूड होतोय."

"चुकलेलं नाही," बिल्डरसाहेब म्हणाले. "तेवढाच कर."

तेव्हा मला वाटलं, लाकूड कमी पडलं असेल. मग लोक यायला लागले. दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "अय्या, पलंग ठेवूनसुद्धा केवढी जागा उरते!" मी कसला फुगायचो म्हणून सांगू! मला वाटायचं, माझंच कौतुक चाललंय. कौतुक चाललं होतं माझ्या नसलेल्या हातभराचं. पण ते कळायला मला आत्या यावी लागली.

आमच्याकडे घर विकायला एक माणूस असतो. त्याला सुतारापासून झाडूवालीपर्यंत सगळे गोडबोल्या म्हणतात, अर्थात त्याच्या पाठीमागे. हातात कायम पेन, आणि त्याच्या बटणाशी चाळा, टिकटिक, टिकटिक. त्याची एक पद्धत होती. सगळं घर दाखवून झालं की तो नवरा-बायकोला माझ्या खोलीत आणायचा आणि म्हणायचा, "तुम्ही दोघं निवांत बोला. घरचा निर्णय आहे. मी आहे बाहेर."

किती सज्जन, नाही? मलाही तसंच वाटायचं. पण बेडरूमची ती भिंत प्लायची होती, वर रंग मारलेला. आणि तो बाहेर म्हणजे त्या भिंतीला टेकून! आत नवरा-बायको कुजबुजायचे, "आपले साठलेत शंभरातले बारा." थोड्या वेळाने हा आत येणार आणि सांगणार, "आमच्याकडे सुरुवातीला शंभरातले बाराच भरायचे असतात." कोणी म्हटलं पंचवीस, की त्या दिवशी पंचवीस. आणि लोक काय खूश व्हायचे! "बघ गं, बरोबर आपल्याकडे आहेत तेवढेच!" अहो, योगायोग कसला डोंबलाचा!

तर एक दिवस लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करतो तो. बरोबर त्याची बायको, ती औषधाच्या दुकानात काम करते, आणि त्याची आत्या. आत्या म्हणजे एवढीशी, नातेवाइकांत तिला टिंगी म्हणतात. हे लोक नऊ वर्षं एका छापखान्याच्या डोक्यावर एकाच खोलीत भाड्याने राहत होते. दिवसभर खाली यंत्र धडधडतं आणि वर कपबशा थरथरतात. मुलगी अभ्यासाला जिन्यात बसते. त्यात घरमालकाने सांगून टाकलं होतं, खोली रिकामी करा. आता बोला.

गोडबोल्याने त्यांना माझ्यापाशी सोडलं. बायको लगेच कुजबुजली, "हे बघ, आपल्याकडे तीस आहेत, पण त्याला वीसच सांगायचे."

"का पण? जास्त भरले तर हप्ता कमी होईल ना."

"आणि नोंदणी, वकील, रंग, ह्याला काय आकाशातून पडणार? सहासात तर त्यातच जातात. उरलेल्यांना हात लावायचा नाही. उद्या तुझ्या कंपनीने तुला घरी बसवलं तर हप्ता कोण भरणार? हा पलंग?"

मी? मला काय कमाई?

नवरा म्हणाला, "बरं बाई, वीस तर वीस."

तेवढ्यात गोडबोल्या हसत हसत आत. "झालं बोलून? ह्या घराला ना, सुरुवातीला तीस टक्के भरावे लागतात. तिसाच्या खाली बात नाही. विचार करा, मी आहे बाहेर."

तो गेला आणि आत जी काय पेटली!

"तू सांगितलंस त्याला!" बायको दबक्या आवाजात ओरडली. "मघाशी बाल्कनीत दोघं काय गुलुगुलु करत होतात?"

"मी? मी त्याला लिफ्ट कुठल्या कंपनीची बसवणार ते विचारत होतो! तूच फॉर्म भरताना बोलली असशील."

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणायचंय का तुला?"

"तू मला नऊ वर्षांत पगाराची चिठ्ठी कधी दाखवलीस? मला काय माहीत तू कोणाला काय सांगतेस!"

बघा हं, बोलणं कुठल्या कुठे गेलं. मला सगळं माहीत, आणि मला तोंड नाही. माझी नुसती तडफड. ह्या दोघांनी आता रागाच्या भरात तीसच्या तीस भरले तर हातात राहणार शून्य, आणि एकमेकांवरचा भरवसाही गेलेला. मग ते घर काय चाटायचंय?

इतका वेळ आत्या उभी होती. ती म्हणाली, "तुमचं चालू द्या, माझे गुडघे बोलायला लागले," आणि माझ्यावरची 'बसू नये'ची पाटी बाजूला करून सरळ आडवी झाली. माझ्यावर! पहिल्यांदाच माणूस! उशीवर डोकं टेकलं आणि तिचे पाय माझ्या बाहेर लटकले.

आत्याने आधी पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पायांकडे. काहीतरी बोलणार, एवढ्यात तिचा कान भिंतीशी आला आणि ती थबकली. टिकटिक. टिकटिक.

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून, कुजबुजल्यासारखं पण चांगलं ठणठणीत, म्हणाली, "सूनबाई, एक सांगू? त्या तिसातले वीस माझे आहेत. आणि मी काही ते देत नाही. तुमच्याकडे उरले दहा."

बायकोचा चेहरा पांढराफटक. नवरा तर म्हणाला, "आत्या, असं काय करतेस गं!" तेव्हा आत्याने डोळा मारला.

आणि मित्रांनो, गोडबोल्या हजर! "अहो, एक सांगायचंच राहिलं! आमची एक खास योजना आजपासूनच सुरू झालीय. फक्त दहा टक्के भरा आणि घर तुमचं!"

आत्या जी हसत सुटली, हसत सुटली, की माझी आतली फळी कडाडकन मोडली. दुखलं, पण काय सांगू, इतकं बरं वाटलं!

"आत्याबाई, नमुन्यावर झोपायचं नसतं!" गोडबोल्या धावला.

"मेल्या, मी गावातली सगळ्यात टिंगी, तरी माझे पाय बाहेर. तुझ्या घरात काय मांजरं राहणार आहेत? आणि तिसाचे दहा झाले रे कसे? अजून थोडी झोपले तर फुकट देशील!"

सगळं संपायला हवं होतं ना इथे? पण नवऱ्याच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी चमकलं. तो म्हणाला, "पण आत्या, तो लबाड असेल, कागद वकिलाकडून तपासून घेऊ. दहात मिळतंय ते तर खरंय ना? वीस हातात राहतात. बिल्डिंग पुरी झाली की छापखान्यावरून सुटका."

"उरलेले नव्वद कोण भरणार?" बायको म्हणाली.

"बँक आहे की!" गोडबोल्या.

"बँक भरत नाही भाऊ, बँक भरून घेते. नव्वदाचा हप्ता म्हणजे ह्याचा अख्खा पगार. मग खायचं काय, तुमची ही प्लास्टिकची केळी?"

गोडबोल्याने शेवटचं हत्यार काढलं. "बघा बुवा. उद्या भाव वाढणार आहे."

"सगळे हेच म्हणतात," आत्या म्हणाली. नवऱ्याचा हात धरून तिने त्याला बाहेर काढलं. जाताना त्याने वळून खोलीकडे असं बघितलं, की मला माझ्या आखूडपणाची लाज वाटली.

मीही मनात म्हटलं, उद्या भाव वाढणार म्हणे! तीस वर्षं असंच म्हणत राहशील, थापाड्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाली सांगत आली, रंगाऱ्याने फाटकावरच्या पाटीवरचा जुना आकडा पुसला आणि नवा टाकला. वाढलेला. खरोखर वाढलेला! त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट खरी सांगितली आणि नेमकी तीच कोणी ऐकली नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे बायको चुकली? वीस भरायचे आणि उरलेले राखून ठेवायचे, ह्यात चूक काय होती? पण तिच्या हिशोबाने घर शोधेपर्यंत भाव असाच पळत राहिला तर आजचे शंभरातले वीस उद्या पंधराच नाही का ठरणार? आणि पाटीसुद्धा ह्यानेच रंगवून घेतली असेल तर? तीही नमुन्याचीच असेल तर?

दुपारी फाटकाशी बोलणं ऐकू आलं. तोच लिफ्टवाला आणि त्याची बायको. पाटी मोठ्याने वाचत होते. आत्याचा आवाज नव्हता.

"वाढला गं," तो म्हणाला. एवढंच. भांडण नाही की टोमणा नाही.

 ती म्हणाली, "मुलगी काल जिन्यातच झोपली रे, वहीवर डोकं ठेवून."

तेवढ्यात आमच्या बाहेरच्या खोलीची खिडकी उघडली आणि गोडबोल्या खाली वाकून गोड आवाजात म्हणाला, "अहो, वर या ना! तुमच्यासाठी कालचाच भाव ठेवलाय. दहाच भरा. पण आत्ताच्या आत्ता!"

 मग बायकोचा आवाज आला, हळू, नवऱ्याला विचारत होती, "काय करू या?"

मित्रांनो, मला फक्त आवाज येत होता, पाय कुठल्या दिशेला वळले ते दिसत नव्हतं. आणि भिंतीपलीकडे टिकटिक सुरू झाली होती. खरं सांगा, तुम्ही तिथे फाटकाशी उभे असता, तर तुम्ही काय केलं असतं?