दोन वर्गांमधले कपाट

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे, पण या शाळेत मला कपाट कुणी म्हणत नसे. मुले मला 'भिंत' म्हणायची. "भिंतीला टेकू नका रे", "भिंतीपलीकडे डोकावू नका", असे शिक्षकही बोलायचे. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. चार खण, दोन दारे आणि चांगले पितळी कुलूप असलेल्या कपाटाला भिंत म्हणायचे, हा कुठला न्याय? आज मात्र कुणीतरी मला पुन्हा भिंत म्हणावे म्हणून मी आसुसले आहे. हसू नका. असे का झाले ते सांगते.

माझा जन्म थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारे हिंदुराव मिस्त्री सांगलीकडून पोटासाठी आलेले होते. काम पुरे झाल्यावर त्यांनी माझे दार दोनदा उघडून लावून पाहिले आणि मालकाला विचारले, "हे कुठं जाणार हाय?" शाळेत, असे कळल्यावर ते म्हणाले, "मग रंगाचा एक हात जादा मारतो. पोरं लई ओरबाडत्यात." त्या जादा हातामुळेच मी इतकी वर्षे गंजाला दाद दिली नाही.

टेम्पोत बसून मी चाकणच्या पुढच्या या गावातल्या सरकारी शाळेत आले. तेव्हा शाळेच्या मागे कांद्याची शेते होती. वर्गात मोजकी मुले असायची आणि माझ्या खणांत गोष्टींची पुस्तके, नकाशे, लेझीम अशी मानाची मंडळी राहायची. पाहुणे आले की मुख्याध्यापक माझे दार उघडून दाखवायचे. तो काळ सुखाचा होता आणि मला थोडी घमेंडही होती.

मग शेतांच्या जागी कंपन्या आल्या. कंपन्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आल्या आणि त्या खोल्यांतून नांदेड, लातूर, जळगावकडची आणि काही परराज्यांतलीही मुले शाळेत आली. शाळा भरली, पण खोल्या वाढल्या नाहीत. उलट एका खोलीचे छत इतके गळू लागले की तिला कायमची कडी लागली. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसवण्याची वेळ आली, तेव्हा मुख्याध्यापक लक्ष्मणराव गुरुजींनी मला ढकलत खोलीच्या मधोमध आणले. माझी दारे चौथीकडे आणि पाठ तिसरीकडे. तिसरीला फळा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या पाठीला काळा रंग दिला. असे मी भिंतही झाले आणि फळाही झाले. चौथीला गुरुजी स्वतः शिकवायचे.

पण मित्रांनो, भिंत दोन वर्गांमध्ये असते आणि वर्गाला शिक्षक लागतो. तिसरीचे शिक्षक टिकत नव्हते. एक गुरुजी बदली होऊन गेले. एका बाईंनी वर्ष पुरे होण्याआधीच राजीनामा दिला आणि मुंबईला निघून गेल्या. दर वेळी लक्ष्मणराव गुरुजी चौथीच्या मुलांना घेऊन मला बाजूच्या भिंतीला नेऊन लावायचे आणि दोन्ही वर्ग एकत्र बसवायचे. माझे पाय शहाबादी फरशीवर ओरखडे काढत जायचे. ते ओरखडे आजही दिसतात. एकदा मी भिंतीला लागले की नवे शिक्षक मागण्याची कुणाला आठवणच राहायची नाही. गुरुजी शिक्षण खात्यातल्या वरच्या साहेबांना विचारायचे, तर उत्तर यायचे, "एकत्र बसतातच ना मुलं? मग चालतंय की!"

अशात तिसरीला तनुजा मॅडम आल्या आणि मी पुन्हा खोलीच्या मधोमध आले. परीक्षा देऊन, वाट पाहून पाहून मिळवलेली त्यांची ही पहिलीच नोकरी. संत तुकाराम नगरातून त्या स्कूटरवर यायच्या. ट्रेलर आणि कंटेनर यांच्या गर्दीतून वाट काढून पोहोचल्या की हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवायच्या आणि पाण्याची बाटली वरच्या खणात. मग माझ्या पाठीवर तारीख घालायच्या. त्यांचे अक्षर मोठे आणि गोल होते. तास संपला आणि गणित अर्धे राहिले, तर खालच्या कोपऱ्यात लिहायच्या, 'राहिलेले उद्या'. दुसऱ्या दिवशी आल्याबरोबर मुले ओरडायची, "मॅडम, राहिलेलं!" आणि ते गणित पुरे झाल्याशिवाय सोडायची नाहीत. मराठी नीट न समजणारी मुलेसुद्धा तो एक शब्द आधी शिकायची.

त्यांना शिकवायला पुरेसा वेळ मिळाला असता तर माझी गोष्ट इथेच आनंदात संपली असती. पण खिचडी शिजली की तिचा फोटो पाठवा. हजेरी फोनवर भरा. नेटवर्क नाही म्हणून खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून उभ्या राहा. मध्येच मतदार यादीचे काम, मध्येच घरोघरी जाऊन माणसे मोजायचे काम. वडिलांची कंपनी बदलली की मूल न सांगता निघून जायचे, मग त्याला शोधत चाळीतून फिरायचे. आणि एक गोष्ट मला रोज दिसायची. सकाळी भरून ठेवलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली असायची. शाळेतल्या शौचालयाला पाणी नव्हते आणि दाराची कडी तुटलेली होती. म्हणून मॅडम दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. एप्रिलच्या उन्हातसुद्धा नाही.

खिचडी रांधणाऱ्या कुशाबाईंच्या हे लक्षात आले होते. त्या एकदा म्हणाल्या, "मॅडम, माज्या घरी या की मधल्या सुट्टीत. लाजायचं काय त्यात?"

"येईन मावशी," मॅडम म्हणाल्या, "पण मधली सुट्टी आहे कुठं? फोटो गेलेला नाही अजून."

यंदा दिवाळीनंतर पहिली-दुसरीचे रविराज सर राजीनामा देऊन पिंपळे सौदागरच्या एका खाजगी शाळेत गेले. त्यांचे दोन वर्ग लक्ष्मणराव गुरुजींनी पलीकडच्या खोलीत घेतले. तिसरी आणि चौथी मॅडमकडे आली. गुरुजींनी सवयीने मला हात लावला, तेव्हा मॅडम आडव्या आल्या.

"सर, कपाट हलवू नका."

"अहो मॅडम, दोन वर्गांना तुम्ही एकट्या. मध्ये हे धूड कशाला? सगळी नजरेसमोर राहतील."

"म्हणूनच नको. एकदा हे भिंतीला लागलं की एका बाईत भागतं, असं ठरून जातं. राहू दे मध्येच. येणाऱ्याला दिसलं पाहिजे की इथं दोन वर्ग आहेत."

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी किंमत कळली. मॅडम तिसरीला माझ्या पाठीवर गणित घालून द्यायच्या आणि वळसा घालून चौथीकडे यायच्या. चौथी वाचू लागली की पुन्हा पलीकडे. इकडे शांतता, तर तिकडे गोंधळ. दिवसभर त्यांची पावले माझ्याभोवती फिरत असायची. डिसेंबरात त्यांचा आवाज बसला. संक्रांतीला त्यांनी मुलांना तिळगूळ दिला, तेव्हा गोड गोड बोला हे शब्दही धड फुटेनात. पण मला त्यांनी जागचे हलू दिले नाही. नवा शिक्षक येणार, ही एकच आशा त्या धरून होत्या आणि ती टिकेल तोवरच त्याही टिकणार होत्या.

हे सगळे कुशाबाईंनी धर्माजींच्या कानावर घातले. धर्माजी हे शाळा समितीचे अध्यक्ष. मॅडमवर त्यांची माया होती, कारण त्यांचा दांडगट नातू मॅडमच्याच हाताखाली वाचायला शिकला होता. ते ऐकून पेटले. "आसं व्हय! मंग दावतो इंगा," म्हणाले. एका सकाळी गावकरी आणि चाळीतले बाप, रात्रपाळी करून थेट आलेले, शाळेच्या आवारात जमले. शिक्षक मिळेपर्यंत शाळेला टाळे ठोकायचे, असे ठरले. आपल्याकडे असेच करतात ना? पण टाळे कुणीच आणले नव्हते. धर्माजी वर्गात आले, माझ्या कडीत किल्लीसकट लटकणारे पितळी कुलूप त्यांनी काढले आणि तेच फाटकाला लावले.

तेवढ्यात मॅडम स्कूटरवरून आल्या. फाटकाजवळून त्यांचा बसका आवाज मला ऐकू आला.

"बाबा, हे काय केलंत? मला विचारायचं तरी."

"तुमी काळजी करू नका, बाई. तुमच्यासाठीच चाललंय ह्ये. आता साहेब पळत येतोय का न्हाई बघा."

साहेब खरेच आले. आवारात ते गोड बोलले. लोकांच्या भावना मी समजू शकतो, शिक्षक देतो, आठ दिवस द्या. टाळ्या झाल्या आणि फाटक उघडले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग साहेब वर्गात आले, दार ओढून घेतले आणि मॅडमना म्हणाले, "गावाला फूस कुणी लावली?"

"कुणीच नाही, सर. मलाही आत्ताच कळलं."

"तुमच्या नावानं घोषणा देत होते ते. कामाचा एवढाच जाच वाटत असेल तर गावाला पुढं करता कशाला? लेखी खुलासा द्या. आणि आज शाळा बंद राहिली, ती कुणामुळं, तेही लिहा."

मॅडमनी लक्ष्मणराव गुरुजींकडे पाहिले. मॅडमचा यात काही हात नाही, हे गुरुजींना ठाऊक होते. त्यांची नोकरी मे महिन्यापर्यंत उरली होती. ते माझ्या दाराला हात टेकवून उभे होते. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले.

साहेबांची जीप गेली. मॅडमनी खुलासा लिहिला नाही. त्यांनी राजीनामा लिहिला.

दुसऱ्या दिवशी धर्माजी आले. माझे कुलूप दोन्ही हातांत धरून ते वर्गाच्या उंबऱ्यावरच थांबले. "बाई, आमी चांगल्यासाठी केलं. तुमच्यावर शेकंल हे डोस्क्यातच आलं न्हाई. माघारी घ्या तो कागुद. पायजे तर मी जातो साहेबाकडं, पाया पडतो."

"नका पडू कुणाच्या पाया," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी केलंत, हे कळतं मला. म्हणून तर तुमच्यावर रागावताही येत नाही. पण बाबा, आता मी दमले."

त्यांनी कुलूप घेतले आणि माझ्या कडीत परत अडकवले. धर्माजी डोळे पुसत गेले.

शेवटच्या दिवशी मॅडमनी तिसरीला भागाकार शिकवायला घेतला. उदाहरण अर्धे झाले आणि घंटा झाली. सवयीने त्यांनी कोपऱ्यात लिहिले, 'राहिलेले उद्या'. मग काय लिहिले ते त्यांच्या लक्षात आले. पुसायला हात पुढे गेला, तसाच थांबला. स्वप्नाली नावाची पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "पुसू नका ना मॅडम, उद्या लागंल." मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बाटली काढली, माझ्या डोक्यावरचे हेल्मेट उचलले आणि मागे न बघता गेल्या. बाटली त्या दिवशीही भरलेलीच होती.

सोमवारी लक्ष्मणराव गुरुजी आले. माझ्यासमोर उभे राहिले. पलीकडच्या खोलीत पहिली-दुसरी आरडाओरडा करत होती. "क्षमा करा, मॅडम," असे ते हलक्या आवाजात म्हणाले. मग मुलांना हाक मारून त्यांनी मला ढकलले. फरशीवर आणखी एक ओरखडा उठला. मला भिंतीला लावले ते पाठ आत करून. स्वप्नाली मधे शिरून ओरडत होती, "सर, राहिलेलं आहे त्यावर!" पण तोवर माझी पाठ भिंतीला टेकली होती.

आठ दिवस झाले, महिना झाला, शिक्षक आले नाहीत. साहेब मात्र एकदा येऊन गेले. मोकळ्या खोलीकडे बघून म्हणाले, "वा! केवढा प्रशस्त वर्ग झाला! मुलंही एकत्र छान बसलीत." त्यांनी फोटोही काढला. मॅडमना जी भीती होती, ती अशी एका वाक्यात खरी ठरली. कुशाबाई सांगत होत्या की मॅडम आता एका कंपनीच्या ऑफिसात लागल्या आहेत. तिथे एका वेळी एकच काम करायचे असते म्हणे, आणि प्यायला पाणी आहे. सांगताना कुशाबाई आनंदल्याही होत्या आणि रडतही होत्या.

मित्रांनो, माझ्यात आता खिचडीच्या तांदळाची पोती ठेवतात. त्याचे मला दुःख नाही. पण तुमच्या शाळेतही एखादे कपाट असे भिंतीला लागलेले असेल, तर नुसते शेजारून जाऊ नका. ते आधी कुठे उभे होते आणि कुणासाठी, ते फरशीकडे बघून ओळखा आणि मोठ्यांना विचारा. तुमच्या बाई दिवसभर पाणी का पीत नाहीत, तेही विचारा. त्या पुरत्या दमल्यावर टाळे ठोकून काही उपयोग नसतो.

स्वप्नाली अजून रोज येते. पाठ आणि भिंत यांच्यातल्या फटीत एक डोळा लावून बघते. आत अंधार असतो. तिला काही दिसत नाही, पण मला ते अक्षर अजून जाणवते. तो भागाकार अर्धाच आहे.