गोड्या पाण्यावरची रोपं

आमच्या आईला कुणाचं सुकलेलं तोंड बघवत नाही, माणसाचं असो की रोपाचं. त्यानेच आमचं घर बुडालं.

समुद्राचं पाणी शिरून घरामागची जमीन खारट झाली, तिथे एकच झुडूप टिकलं होतं. पानं जाडजूड, पाण्याने भरलेली, वर मेणाचा थर. ऊन चढलं की पानांवर मीठ फुटायचं. उरलेलं मीठ ते जुन्या पानांत साठवायचं आणि ती पानं गाळून टाकायचं. त्याचं मूठभर बी मी जमवलं, आणि पुढच्याच उधाणात ते झुडूप समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या तुकड्यासकट गेलं. आता बीतून रोपं झाली, त्यांनी बांध धरला, तर घर राहणार होतं. नाहीतर दादा आईला त्याच्या चौथ्या मजल्यावर नेणार. तिथे ती गुदमरून मरेल, मला माहीत आहे.

मी रोपवाटिकेत काम करते. अशा रोपांना लहानपणापासून थोडं थोडं खारं पाणी पाजावं लागतं, तरच पानं जाड होतात. तोवर ती दिसतात मरतुकडी.

"किती वाळलीत गं बिचारी," आई म्हणायची.

"तशीच हवीत. तू हात लावू नकोस," मी खेकसायचे.

मग कामासाठी मला पंधरवडाभर बाहेरगावी जावं लागलं. परत आले तर परसातल्या पिशव्यांमधली रोपं हिरवीगार. पानं रुंद, पातळ, लुसलुशीत.

"बघ, कसं बाळसं धरलंय," आई म्हणाली. "तू गेल्यापासून विहिरीचं गोडं पाणी घालतेय."

मी कपाळाला हात लावला. पुन्हा सवय लावायला वेळ नव्हता, मोठं उधाण तोंडावर आलेलं. तशीच नेऊन बांधावर लावली. आधी कडा करपल्या, मग सगळी काळी पडली.

आईचे गुडघे गेलेत, बांधापर्यंत तिला येववत नाही. नजरही अधू. खिडकीतून तिला नुसत्या रांगा दिसतात.

"धरली का गं?"

"धरली."

रविवारी दादा तिला न्यायला येतोय. तिला अजून सांगितलेलं नाही, माझी जीभच रेटत नाही.

आज सकाळी तिने तांब्या भरून माझ्या हातात दिला. "जा, घालून ये. तहानली असतील."

गेले. ती खिडकीत उभी होती, म्हणून एकेका काळ्या काडीपाशी वाकून पाणी घातलं.