दहा बाय आठची श्रद्धांजली

ताडकळसच्या फ्लेक्सच्या दुकानातून शिवकांतला हाकलून दिलं. पण तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. तो आपला कॉम्प्युटरपुढं बसलाय आणि कुणाच्या तरी पोराला ‘धडाडीचं युवा नेतृत्व’ करायलाय. एका पोराला तर दहावी नापास झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलं होतं.

दिवसभर हे पाप करून तो घरी चन्नप्पा गुरुजींची पुस्तकं वाचायचा. गुरुजी गावातलेच. त्यांच्या एका गोष्टीची सुरुवात अशी : ‘म्हैस हरवली. बाप शोधायला गेला. म्हैस परत आली.’ ते वाचून शिवकांतला वाटलं, एवढं तर आपल्याला बी जमतंय. मग तो लिहायला बसला आणि काही केल्या जमेना. गुरुजी त्याचं लिखाण घेऊन खोडत बसायचे. एकदा अख्खी गोष्ट खोडून एकच वाक्य ठेवलं, म्हणाले, “हे तुझं हाय.”

असे गुरुजी गेले. त्यांचा मुलगा शिवप्रकाश दुकानात आला. “दहा बाय आठचा बोर्ड कर. बसस्टँडवर लावायचाय. जोरदार लिव्ह.”

गुरुजींसाठी एकदा तरी नीट लिहायचं, म्हणून शिवकांतनं सारी दुपार घातली. ‘चन्नप्पा गुरुजी लिंगैक्य झाले. ते साधं लिहीत. आम्ही त्यांच्याकडून शिकलो.’ बाकी पांढरं.

“बाकीचं कुठंय?” शिवप्रकाश म्हणाला.

“एवढंच हाय, दादा.”

“रिकाम्या जागेचे बी पैशे घेता का तुमी? साहित्यसूर्य मावळू दे की जरा!”

“गुरुजींनी जन्मात सूर्य लिहिला न्हाई.”

“त्येंचं त्येंनी बघितलं. बोर्ड माझाय.”

सोबत गुरुजींची बायको मल्लम्मा होती. ती हळू म्हणाली, “बाळा, त्येंचं साधं कुणी इकत घेतलं का रे? भर काही तरी.”

मालक बालाजीशेठनं शिवकांतला उठवलं, स्वतः बसले आणि भरलं. सूर्य मावळला. खाली ‘शोकाकुल’ म्हणून सगळे पुतणे आले, काळे गॉगल लावून, एक तर फोनवर बोलत. जागा पुरेना तसे गुरुजी आकसत गेले आणि शेवटी तिकिटाएवढे झाले. सकाळी बसस्टँडवर बोर्ड बघून एका म्हाताऱ्यानं तिथं उभ्या त्या फोनवाल्या पुतण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्यानं त्या घेतल्या.

शिवकांतनं ते पाहिलं. पांढऱ्या रंगाचा डबा आणला, शिडी लावली आणि गुरुजींसारखं खोडत सुटला. सूर्य गेला, पुतणे गेले. गुरुजी तेवढे राहिले. पुतण्यांनी त्याला शिडीवरून ओढलं, तवा ब्रश हातातच होता.

बालाजीशेठनं त्याला परत दुकानाची पायरी चढू दिली नाही. बोर्ड मात्र पुतण्यांना उतरवायला वेळ झाला नाही, कारण त्यांना दुसऱ्या वाढदिवसाला जायचं होतं. शिवकांतनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला :

‘विषय : बसस्टँडवरील पांढऱ्या बोर्डाबाबत. महोदय, सदर बोर्डावर गुरुजी आहेत. बाकी जागा रिकामी आहे. ती तशीच कायम रिकामी ठेवण्यात यावी व तीवर कोणाचाही वाढदिवस साजरा करण्यास मनाई व्हावी, ही नम्र विनंती.’